गढूळ पाण्याची टाकी

‘धू,’ असं मीच म्हणालो होतो. हे आजवर मी कोणापाशी बोललेलो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही.

आमचे सर माशांच्या काचेच्या टाकीत करंगळी बुडवायचे, पाण्याचा खारेपणा बघायला जिभेला लावायचे आणि म्हणायचे, “मेलं, ते चुकलं.” मग मेलेलं पिल्लू चिमट्यानं उचलून खिडकीबाहेर. खाली मांजर बसलेलंच असे.

सर मालवणकडचे. सांगलीत आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत; मी त्यांच्या हाताखाली प्रात्यक्षिकं घेई. सुट्टीहून येताना ते एसटीनं डब्यांतून खाडीचं पाणी आणि बोय माशाची नखाएवढी पिल्लं आणत. लांब टाकीचं एक टोक नितळ, उजेडातलं. दुसऱ्या टोकाला चिखल, बाभळीच्या काटक्या, सावली. पिल्लं सगळी चिखलाकडे.

“जन्म समुद्रातला,” ते सांगत, “पण तिथंच राहिली तर मोठे मासे गिळतात. म्हणून खाडीत शिरतात. उथळ, गढूळ, अर्धं खारं पाणी. जागा चुकली की संपलं.”

“सर, किष्णंत सोडा की! मोठी झाल्यावर आमीबी खाऊ,” मागून कोणीतरी म्हणे.

“तुला सोडतो आधी. मगर तोंड लावते का बघू.”

तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. जतकडचा एक मुलगा बेडूक कापताना चक्कर येऊन पडला, तर त्याला ओलांडून सर पुढच्या टेबलाकडे गेले. मी एम.एस्सी.ला पहिल्या खेपेला नापास झालो, त्या दिवशी भर वर्गात माझ्याकडे बघत त्यांनी करंगळी जिभेला लावली. “मेलं, ते चुकलं.” पोरं हसली. मीही हसलो.

उन्हाळ्यात मात्र हाच माणूस टाकीला ओलं गोणपाट गुंडाळून, स्वतः घामानं निथळत, हजेरीपटानं पिल्लांना वारा घालत बसे.

पुढं विद्यापीठातून एक गृहस्थ टाकी बघायला येणार असं ठरलं. त्यांना काम पटलं तर सर नोकरीत कायम होणार होते. कॉलेजभर सफाई निघाली, कुंड्यांना गेरू लागला. एरवी मला अरे-तुरे करणारे सर त्या सकाळी म्हणाले, “मिरजेहून पाहुण्यांना घेऊन येतो. टाकीला कोणाचा हात लागू देऊ नका हं.”

ते गेले आणि शिपाई बादली घेऊन आला. “सायेब, ही टाकीबी धुवायची व्हय? लय वास मारतीया.”

मी म्हणालो, “धू.”

चिखल गेला, काटक्या गेल्या. ब्लिचिंगचा वास येणारं नळाचं पाणी भरलं. पिल्लं काचेवर तोंड आपटत फिरली, मग एकेक उलटी झाली. मी बघत होतो. बरं वाटत होतं.

सर पाहुण्यांसह आले. करंगळी पाण्यात गेली, जिभेपर्यंत पोचली नाही. “कोणी सांगितलं धुवायला?”

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “प्राचार्यांचा हुकूम होता.”

प्राचार्यांनी टाकीचं नावही काढलं नव्हतं. सर तडक त्यांच्या खोलीत शिरले आणि पाहुण्यांदेखत त्यांना नको ते बोलले. प्राचार्यांनी कानावर हात ठेवले, ते सरांना खोटं वाटलं. जूनमध्ये त्यांना परत घेतलं नाही. त्यांची जागा मला मिळाली.

जाताना रिकामे डबे उचलत मला म्हणाले, “तुम्ही तरी खरं सांगितलंत.”

सर मालवणला गेले, पुढं तिथंच वारले. सांगलीहून तिकडे रोज एसटी जात होती. मी एकदाही बसलो नाही. टाकी धुवायला मीच सांगितलं होतं, हे त्यांना सांगायचं राहिलं आहे.