पाय हवालदार धुमाळांचा होता

माझं पहिलं पोस्टिंग काश्मीरमधल्या एका फील्ड हॉस्पिटलला झालं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, रँक लेफ्टनंट, वय तेवीस, अक्कल त्याहून पुष्कळ कमी. युनिफॉर्मला इतका स्टार्च, की बसले तर कापड कुरकुरायचं. जखमींची सेवा करायला प्रभूनं मला पाठवलंय, अशी पक्की समजूत होती. सेवा म्हणजे मी सांगायचं आणि जखमींनी ऐकायचं.

दिनक्रम ठरलेला. पहाटे टेंपरेचर, मग ड्रेसिंग, डॉक्टरांचा राउंड, त्यानंतर एक्स्ट्रा डाएट, म्हणजे अशक्त जवानाला जादा दूध आणि अंडं. राजस्थानचा एक जवान अंड्याला शिवत नसे. मी अंडं दुधात फेटलं, वर वेलची टाकली आणि ग्लास त्याच्या हातात दिला.

"पी लो. ऑर्डर है."

शेजारी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर स्ट्रेचर पुसत होता. शिपाई किसन धुमाळ, आमच्या मुळशीतल्या कोळवणचा. त्यानं वास घेतला, ग्लास जवानाच्या हातातून काढला आणि उभ्या उभ्या रिकामा केला.

"धुमाळ! हे काय?"

"अंडं हाय मॅडम. त्यो खात न्हाई."

"त्याच्या भल्यासाठीच होतं ना!"

"मग सांगून द्यायचं."

रिपोर्ट करते म्हणून मी तणतणत निघाले. रिपोर्टात काय लिहायचं, ते मात्र सुचेना. माझी नात लवळ्याला शिकते. हे ऐकून ती म्हणाली, "आजी, तू डेंजर होतीस." होतीस म्हणे! पुढचं तिला सांगितलेलं नाही.

लेफ्टनंट कर्नल होऊन मी निवृत्त झाले आणि मुळशीला घर बांधलं. धुमाळ हवालदार होऊन आधीच परतले होते. कोळवण ते पौड प्रवासी भरून वडाप जीप चालवायचे. शुगर होती, पथ्य नव्हतं. फोनवर आम्ही अजून वायरलेससारखंच बोलायचो.

"धुमाळ, साखर किती? ओव्हर."

"चहात दोन चमचे. ओव्हर."

गेल्या वर्षी भातलावणीच्या सुमारास त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली. पुण्याच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं: गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, उशीर केला तर विष अंगात भिनेल. धुमाळांनी चप्पल चढवली.

"न्हाई," म्हणाले, आणि बाहेर पडले.

मी समजावलं, ओरडले. पुण्यात कृत्रिम पाय बसवतात, लोक त्यावर पळतात, असं सांगितलं. "पळू द्या," म्हणाले. त्यांच्या बायकोला, हिरावहिनींना पुढं केलं. त्या म्हणाल्या, "बाई, मी पाया पडले, रडले. आता तुमी बगा." रोज रात्री मी प्रार्थना करायचे: प्रभू, या माणसाला सुबुद्धी दे. मलाही दे, असं म्हणायचं काही सुचलं नाही.

मग मी ऑपरेशन आखलं. पुण्यात बेड बुक केला. खाजगी ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी केली. धुमाळांना म्हटलं, "चला, पौडला जाऊन शुगर तपासून येऊ." पस्तीस वर्षांची नोकरी, दोन मेडल, आणि बेत असा शाळकरी.

कोपऱ्यावर ते थांबले. जन्मभर ॲम्ब्युलन्स चालवलेला माणूस. नुसत्या इंजिनच्या आवाजावरनं ओळखलं.

"मॅडम, दुधात अंडं घातलंत व्हय?"

"मराल तुम्ही! कळतंय का?"

"कळतंय. म्हनून तर न्हाई म्हंतोय." आणि लंगडत घरी गेले. ॲम्ब्युलन्सवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला उगाचच झापलं.

त्या रविवारी मी चर्चमध्ये रागानं बसले होते. बायबलमधल्या यरीहो गावच्या आंधळ्याला प्रभू विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं? हा प्रश्न मला लहानपणापासून खुळचट वाटायचा. आंधळ्याला काय हवं असणार, गॉगल? पण विचारलं खरं. आणि बायबलमधलाच तो श्रीमंत तरुण, ज्याच्यावर प्रभूची माया जडली होती, तो सगळं विकून गरिबांना दे हा सल्ला न मानता खिन्न होऊन निघून गेला. प्रभूनं त्याला जाऊ दिलं. मागं ॲम्ब्युलन्स पाठवली नाही. मला हे पटलं असं नाही. नाइलाज झाला.

सोमवारी मी कोळवणला गेले. धुमाळ अंगणात उभ्या जीपमध्ये बसले होते.

"तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?" मी विचारलं. आवाज चांगला नव्हता.

"रोज पट्टी करा. वास येतुया, हिराला तरास होतोय. आन् पाय तोडायचं पुन्यांदा बोलू नका. उभ्या जिंदगीत मी लोकांना उचललं मॅडम. हिरानं मला उचलून संडासला न्यायचं, हे मला नगं."

"पाय तुमचा. पण ब्रेकवर तो पाय, आणि मागं दहा माणसं. ती तुमची नाहीत."

त्यांनी चावी काढली आणि वहिनींना दिली. "ह्ये बराबर बोललात."

मी दोन्ही कबूल केलं आणि तेव्हापासून रोज सकाळी जायचे. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, दार उघडं, पाय बाहेर. मी खाली पाटावर. काळं वर सरकताना मला रोज दिसायचं. हात ड्रेसिंग करत होते, दात घट्ट आवळलेले. रोज वाटायचं, याच्या कानाखाली वाजवावी. दिवाळीनंतर सगळं पाऊल काळं पडलं आणि ताप भरला. मी एकदाच शब्द मोडला.

"अजून नेता येईल. नेऊ?"

"न्हाई."

"दुखण्याची सुई?"

"ती द्या."

"रॉजर," मी म्हणाले. सुई भरायला घेतली.

तिसऱ्या दिवशी ते गेले, घरी, वहिनींचा हात धरून. अंत्ययात्रेत लोक म्हणाले, कर्नलबाईंनी शेवटपर्यंत केलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी काही केलं नाही, मला करू दिलं नाही. पाय काढला असता तर आज ते अंगणात बसून माझ्याशी भांडले असते. हे मी आजही म्हणते, आणि खोटं म्हणत नाही.

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी सैन्यातल्या मृतांची नावं घेतात. त्याच्या आदल्या दिवशी मी हिरावहिनींकडं गेले.

"वहिनी, तुमचं दैवत वेगळं, आमची रीत वेगळी. तिथं यांचं नाव घेतलेलं चालेल का?"

त्या भात पाखडत होत्या. सूप थांबलं.

"घ्या की. पर पायाचं काय बोलू नका. लोक त्येंना येडं म्हंतील."

रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी उठले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मला बोलायला फार आवडतं.

"हवालदार किसन धुमाळ. ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर. गाव कोळवण," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.