'अर' लावा, माणूस तयार!

इंग्रजी क्रियापदाला 'अर' लावलं की ते काम करणारा माणूस तयार होतो, हे मी माझ्या सात वर्षांच्या लेकीला, परीला, शिकवलं. एवढीच माझी चूक.

त्याच रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, वर्षाला, बघायला तीर्थपुरीहून पाहुणे आले. स्थळ झकास. आईनं पोह्यांच्या बशा फिरवत ठोकून दिलं, "समदं वर्षानंच केलंय बरं का!" मला मात्र लेकीचं इंग्रजी दाखवायची हौस! (हौस कसली, खाज!)

"परी, 'सिंग' म्हंजे गाणं. मंग गाणारा?"

"सिंगर!"

"वा!" मुलाचे वडील खूश. परीला चेव आला. सोफ्यावर मुलाचे आजोबा पोहे खाऊन पेंगले होते. तिनं बोट दाखवलं, "हे आजोबा स्लीपर!"

"स्लीपर?" मुलाच्या आजी ताडकन उठल्या. "माझी नवी स्लीपर कुणी नेली?"

झालं! निम्मे पाहुणे दारात चपला शोधून राह्यले. गलक्यानं आजोबा दचकून उठले अन् "आली का तीर्थपुरी?" म्हणत पिशवी चाचपू लागले!

सगळ्यांना कसंबसं परत बसवलं. मुलाच्या आईनं परीला जवळ घेतलं. "आत्या स्वैपाक चांगला करती ना गं?"

"न्हाई! पप्पा कुकर!"

"कुकर?" बाईंचा चेहराच उतरला. "अवो, आम्ही भांडीकुंडी कधी मागितली? आम्हाला काही नको!"

स्थळ हातचं जाताना बघून मी घाईनं पुढं झालो. "गैरसमज झाला! 'कुक' म्हंजे स्वैपाक करणं. पोरगी म्हणतीय, पोहे पप्पांनी केले!"

आई माझ्याकडं अशी बघत होती की पोह्यांऐवजी मलाच फोडणीला टाकते की काय!

दारातून वर्षाच हसली. "खरंय. मला पोहे जमत न्हाईत. पण ट्रॅक्टर एकदम सरळ चालवते."

"ड्रायव्हर!" परी ओरडली.

इतका वेळ मुका बसलेला मुलगा खदाखदा हसला. "मंग माझ्याकडून होकार!" आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "दादा, स्वैपाक करणाऱ्याला इंग्रजीत 'कुक'च म्हणत्यात. कुकर म्हंजे शिट्टीचं भांडं."

"बराबर," त्याचे वडील म्हणाले. "अन् दादा, तुमी काय करता?"

मी बारा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतोय.

"मी?" म्हणालो, "मी पोहे करतो."