दोन्ही कागद परत करणारा माणूस

बोथहून काकूचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादला कचेरीत होते. "गेले वं तुझे काका," एवढंच ती म्हणाली. त्याला आता पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, माधवकाका हट्टी होते. होतेच... आणि मला त्या हट्टाचा अभिमान आहे.

तरुणपणी ते टांझानियात भूगोल शिकवायला गेले. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, शेजारचा केनियाही तसाच. दोघांवर राज्य एकाच इंग्रज साहेबाचं होतं. आता आपण एक कुटुंब, असं पुढारी सांगत. काकांच्या खोलीत राहणारा कमाऊ केनियाचा, गणिताचा मास्तर. मग पुढाऱ्यांचं बिनसलं, सरहद्द बंद झाली. मुख्याध्यापकांनी शिक्षकांपुढे कागद ठेवला: कमाऊ परका आहे, त्याला काढावं. सगळ्यांनी सह्या केल्या. काका भर सभेत उठले, "काल भाऊ होता, आज परका कसा?" म्हणाले आणि कागद परत सरकवला. कमाऊला जावं लागलंच. काका त्याची पेटी उचलून सरहद्दीपर्यंत सोबत गेले... पुढे त्यांचीही नोकरी गेली.

बोथला परतून ते मराठी शाळेत लागले. बऱ्याच वर्षांनी आमच्या या तेलुगू मुलखात वेगळ्या राज्याची चळवळ पेटली तेव्हा आपलीच मराठी माणसं अर्ज घेऊन घरी आली. सरहद्दीवरची गावं महाराष्ट्रात जावी, इथले तेलुगू लोक उपरे आहेत, असं त्यात लिहिलेलं.

"मास्तर, तुमी आपलेच ना? सही करा."

"गाव कोन्या राज्यात जावं, ते खुशाल मागा," काका म्हणाले. "पन माया शेजाऱ्याले उपरा काऊन लिहून राह्यले? साहेब गेला, अन् आता आपनच साहेब झालो काय?"

पुढची दोन वर्षं आम्हांला कुणी लग्नाला बोलावलं नाही. काकू रडायची. काका मात्र रोज त्याच लोकांच्या दारावरून, ताठ मानेनं शाळेत जायचे. काका गेले त्या दिवशी खांदा द्यायला ते अर्जवालेही आले, तेलुगू शेजाऱ्यांच्या बरोबरीनं.

मागच्या आठवड्यात कमाऊचं पत्र आलं. दरवर्षी यायचं, आणि काका ते मराठीत करून काकूला वाचून दाखवायचे. या वेळी त्यांच्या खुर्चीत बसून मी वाचलं. काका गेल्याचं उत्तर मी इंग्रजीत लिहीत होते, तेव्हा काकू म्हणाली, "अजून लिव. भावजी, हे घर तुमचंच हाय. कवाबी या."

'भावजी' मी तसंच ठेवलं.