मनाचा रकाना

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला देऊळघाटच्या शाळेतली ती खोली आठवते. योगशिक्षिकेचं प्रशिक्षण घेताना मी तिथे रोज सकाळी बायकांचा सराव वर्ग घ्यायचे. शेतात मजुरीला जाणारी एक बाई गुडघ्यांना ते तेल चोळून यायची आणि सगळ्यांच्या मागे, सतरंजीच्या टोकाला बसायची. शरीरासोबत मनाकडेही बघा, असं आम्हाला शिकवलं होतं, म्हणून प्रत्येकीच्या नोंदवहीत आहार, झोप आणि मन असे रकाने होते. शेवटच्या आठवड्यात माझी घाई झाली आणि तिला न विचारताच मी ‘झोप शांत, मन प्रसन्न’ असं लिहून टाकलं. माझी परीक्षा घ्यायला आलेल्या सरांनी नेमकी तीच वही उचलली, मोठ्याने वाचली आणि तिला विचारलं, “खरंय का, बाई?” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. “हाव साहेब, लय बरं वाटते,” ती म्हणाली. सरांनी माझं कौतुक केलं. ते गेल्यावर मी तिची माफी मागायला गेले, तर चपला घालता घालता ती म्हणाली, “माही पोरगी वारली तवापासून मले झोप नाही, पोरी. पण तुह्या परीक्षेत मी काऊन आडवी येऊ?” आणि ती कामावर निघून गेली. आता मी स्वतः शिकवते, प्रत्येकीजवळ बसून विचारते. पण तिची मुलगी कशाने गेली, एवढंही मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.