विमानातली सुपारी

माझा धाकटा भाऊ जाऊन आठ महिने झाले. तो आजाराने गेला, इस्पितळातल्या खाटेवर, भर दुपारी, मी शेजारी बसले असताना. हे आधीच सांगते, कारण पुढे विमान येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की तो विमानातून पडून गेला. तसे झाले नाही. पण एका सकाळी दीड तास तो गेलाच असे मी धरून चालले होते. आणि तसे घडले असते तर ते माझ्या हातून घडले असते.

आम्ही गोव्यातल्या पेडण्यातले, हळर्णचे. मी डिचोलीच्या एका वाचनालयात नोकरी केली. भाऊ डिचोलीतच खनिज वाहणाऱ्या ट्रकांचा मेकॅनिक होता. खाणी बंद पडल्या, ट्रक दारादारात उभे राहून गंजू लागले, तेव्हा तो आधी आखातात गेला आणि तिथून युरोपात. तिथे जुनी विमाने दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात त्याला काम मिळाले. दुसऱ्या महायुद्धातले एक लढाऊ विमान, ज्याचा नुसता सांगाडा उरला होता, ते त्यांनी कितीतरी वर्षे खपून पुन्हा उडते केले. मूळचे एकाच माणसाने बसायचे ते विमान, पण वैमानिकाच्या पाठीमागे आणखी एक जागा करून घेतलेली. पुढे मालकाने, जो स्वतःच ते चालवायचा, त्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करायचे ठरवले. मागच्या जागेवर मेकॅनिक म्हणून माझा भाऊ.

"ताई, आता पृथ्वी सगळी बघतलों," तो फोनवर म्हणाला.

मला आनंद झाला नाही. मी वाचनालयातला मोठा नकाशासंग्रह काढून बसले. विमानाला इंजिन एकच. एका दमात फार लांब जाता येत नाही म्हणून टप्प्याटप्प्याने जायचे, आणि टप्प्यांमध्ये समुद्र होते. "इंजिन बंद पडलें तर?" मी विचारले. "मगे खाली येवचें," तो म्हणाला आणि हसला.

वाटेत त्यांचा मुक्काम आमच्याच पठारावरच्या नव्या विमानतळावर होता, तीन दिवसांचा. भाऊ चार वर्षांनी घरी आला. सोबत सामानाची व्यवस्था पाहणारा एक गोरा गृहस्थ होता. तो सोलकढी तीनदा मागून प्यायला आणि जाताना आपला फोन नंबर मला लिहून देऊन गेला.

आईने पहिल्याच संध्याकाळी राखणदारापुढे गाऱ्हाणे घालायचे ठरवले. राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवर बसून गावाची राखण करणारा देव. वाड्यातल्या वडीलधाऱ्याने नारळ-सुपारी ठेवली, हात जोडले. "हो तुजो भुरगो वाऱ्यार बसून पृथ्वीक फेरो घालता. तेच्या वाटेर आडवें-तिडवें किते आसात तें कुशीक कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आमच्या रस्त्याचेंय सांग रे तेका," पाठीमागून कोणीतरी म्हणाले. "विमानां आयलीं, पूण डांबर येना." सगळे हसले, आई सोडून.

गाऱ्हाण्याची सुपारी लाल फडक्यात बांधून आईकडे आली. भावाच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक ट्रकात स्टिअरिंगखाली अशी सुपारी असायची. तो स्वतःच ती तारेने आवळून बांधायचा. म्हणून आईने ती सहजपणे त्याच्यापुढे धरली.

"नाका आई. त्या विमानांत सुईसुद्धा मोजून वता."

"ट्रकाक बांदतालो मरे!"

"ट्रक थांबता आई. हें थांबना."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आईने सुपारी माझ्या पदराच्या टोकाला बांधली. "तू शिकलेली. तूंच बांद," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला विमान दाखवायला घेऊन गेला. मला वाटले होते त्याहून ते लहान होते. जवळ गेल्यावर पेट्रोलचा आणि तापलेल्या तेलाचा वास आला, डिचोलीच्या गॅरेजात यायचा तसाच. त्याने आधी हत्यारांची पेटी उघडली. आत काळा स्पंज होता आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराचे भोक कापलेले. पान्ह्याच्या भोकात पान्हा, पकडीच्या भोकात पकड.

"एकय भोंक रितें दिसलें तर विमान सुटना," तो म्हणाला. मग सांगू लागला की या विमानात बसायच्या जागेखाली फळी नसते. हातातून निसटलेली वस्तू थेट विमानाच्या पोटात जाते, आणि तिथूनच वैमानिकाच्या दांड्याच्या तारा शेपटीपर्यंत गेलेल्या असतात. तारा ज्या छोट्या चाकांवरून फिरतात त्यांत साधा नट जरी अडकला तरी दांडा हलत नाही. मी ऐकत होते. मान डोलावत होते. माझे लक्ष पदराच्या गाठीकडे होते.

"बसतलंय?" त्याने विचारले. मी हो म्हटले. त्याने माझ्या चपला काढायला लावल्या, चष्म्याला दोरी बांधली, अंबाड्यातल्या पिना काढून घेतल्या. चार होत्या. त्या तळहातावर मोजून त्याने आपल्या डबीत ठेवल्या. तेवढ्या वेळात मी गाठ सोडून सुपारी डाव्या मुठीत घेतली होती.

"आनी किते आसा?"

"काय ना," मी म्हटले.

मागची जागा इतकी अरुंद होती की दोन्ही खांदे पत्र्याला लागत. समोर वैमानिकाच्या खुर्चीची पाठ, डोक्यावर काच. इथे बसून हा समुद्र ओलांडणार, या विचाराने माझे पाय गार पडले. राखणदारावर माझा विश्वास होता असे मी आजही म्हणणार नाही. पण त्या क्षणी दुसरे काहीच जवळ नव्हते. भाऊ खाली कुणाशी बोलायला वळला आणि मी सुपारी आसन आणि पत्रा यांच्या फटीत खुपसली.

उतरल्यावर त्याने पिना माझ्या हातावर ठेवल्या. "एक, दोन, तीन, चार. बरोबर."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते हैदराबादकडे निघाले. भावाने सांगितल्याप्रमाणे विमान गावावरून गेले. आम्ही अंगणात उभ्या होतो. नदीवर आले तेव्हा ते एका पंखावर कलले, एक गिरकी घेतली आणि सरळ होऊन डोंगराकडे गेले. आईने हात जोडले. आवाज विरल्यावर तिने विचारले, "घट बांदलंय मगे?"

"बांदूक मेळ्ळें ना. खुपसली."

आणि तो शब्द उच्चारताना मला फळी आठवली. नसलेली फळी. पोट, तारा, चाक, सगळे एकदम आठवले. आत्ताच माझ्या डोळ्यांदेखत विमान कलले होते.

मी आत जाऊन फोन लावला. भावाचा बंद होता, असणारच. मग त्या गृहस्थाला लावला. तो अजून विमानतळावरच होता, सामानाचे दुसरे विमान मागाहून निघायचे होते. जन्मभर इंग्रजी पुस्तके वाचली, पण तोंडातून वाक्य बाहेर पडेना. शेवटी सांगितले. मग त्याने तीनच गोष्टी विचारल्या: कुठे ठेवली, केवढी आहे, कशाला बांधली आहे का. मी म्हटले, बांधलेली नाही. "सांगितलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "फोन मोकळा ठेवा." तो टॉवरकडे धावत गेला असावा. पावले ऐकू आली, मग फोन तुटला.

त्यानंतरचा दीड तास. आई सुपातले तांदूळ निवडत होती, अगदी शांत. "आता राखणदार आसा सोबत, तू कित्याक भितंय?" म्हणाली. मी तिला काही सांगितले नाही. मनाशी मी विमान पुढे सरकवत होते, आता घाट, आता बेळगाव, आता पलीकडचे सपाट रान. आणि प्रत्येक ठिकाणी ती सुपारी पत्र्यावरून घरंगळत होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता. कोणाला तरी साकडे घालावे असे वाटले. पण ज्याला घालायचे त्याचीच वस्तू ती. आणि तिथे ठेवणारी मी. फोन मांडीवर घेऊन मी उंबऱ्याशी बसून राहिले. एकदा तो वाजला. नळाच्या बिलाचा संदेश होता.

मग भावाचा फोन आला.

"ताई, पावलों."

मी उठून अंगणात गेले.

"मेळ्ळी," तो म्हणाला.

"खंय?"

"पोटांत. तारेच्या चाकापसून चार बोटां." त्याचा आवाज खाली गेला. "वाऱ्यार आसतानाच पायलटाक कळयलें. तो मगे दांडो नखांनी धरल्यासारको धरून आयलो. एक वळण घेतलें ना." मग म्हणाला, "पिना मोजल्यों मी, ताई. तुजी मूठ मोजली ना."

आई आतून विचारत होती, पावलो मरे? मी म्हटले, पावलो.

हैदराबादपासून पुढे ती मागची जागा रिकामीच राहिली. वैमानिकाने तसे ठरवले आणि भावाने वाद घातला नाही. बाकीची पृथ्वी त्याने सामानाच्या विमानातून पाहिली. हे मला त्याने नाही, त्या गृहस्थाने कळवले. पुढच्या वर्षी आई गेली. सुपारीनेच पोराला सुखरूप आणले असे ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती, आणि तो समोर असला तर मान डोलवायचा. आम्ही दोघे त्याविषयी कधीच बोललो नाही. आजारी होऊन तो घरी आला तेव्हाही नाही. इस्पितळात मला वाटायचे, आज क्षमा मागू. मग परिचारिका यायची, सलाईन बदलायची, आणि राहून जायचे.

बाराव्यानंतर मी त्याची हत्यारांची पेटी उघडली. काळ्या स्पंजमध्ये उजवीकडच्या कोपऱ्यात एक नवे भोक होते, छोटे, गोल, ब्लेडने हाताने कापलेले. त्यात ती सुपारी होती, लाल फडक्यासकट. झाकणाच्या आत हत्यारांची यादी चिकटवलेली, सगळी इंग्रजीत, पुढे प्रत्येक मुक्कामाचा रकाना आणि मोजल्याची खूण. शेवटच्या ओळीत त्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: सुपारी, एक. हैदराबादपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत एकही रकाना खुणेवाचून नव्हता.

आता आमच्या घरावरून रोज विमाने जातात. आवाज आला की माझे पाय अजून गार पडतात. पेटी उघडली त्या दुपारीही एक गेले. ते दूर जाईपर्यंत मी पेटी मिटली नाही. हत्यारांची नावे मला ठाऊक नाहीत, म्हणून नुसती भोके बघत गेले, एकेक करून. रिते एकही नव्हते. तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.