खुर्ची नको, चटईच बरी

"खुर्ची नको. चटईच बरी दिसते," मॅडम म्हणाल्या.

आप्पांचे गुडघे दुखतात. घरी ते ठेंगण्या पाटावर बसून काम करतात, एक पाय लांब करून. स्टेजवर तासभर बसायचं म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, एखादी खुर्ची मिळेल का. तेही मला, हळूच. मी आमच्या कॉलेजच्या मॅडमना विचारलं. त्या हसल्या आणि वर म्हणाल्या, "फोटोत ऑथेंटिक वाटलं पाहिजे ना."

माझे वडील चटईवर बसले. नवा शर्ट, कडक इस्त्री, हातात कोयता. शेजारी मी, कुणाच्या तरी आईचं इरकल नेसून. समोर पहिल्या रांगेत गुबगुबीत खुर्च्या आणि त्यांच्यात बसलेली माणसं. आप्पा बांबू फोडत होते आणि पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती.

मी त्या कॉलेजात सिव्हिल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी जागा तिथून दहा पावलांवर होती, स्टेजच्या उजव्या बाजूला, जिथं आमच्या वर्गानं बांधलेला बांबूचा मांडव उभा होता. त्याच्यापाशी माझ्याच वर्गातले पाच जण गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र घालून उभे होते. मी चटईवर. कॉलेजचा वारसा दिन होता म्हणे.

माझा वारसा सांगते. आम्ही बुरूड. कन्नडमध्ये मेदार. आजोबा निपाणीकडून आले आणि मल्लेश्वरमच्या मागच्या एका बोळात राहिले. अजून तिथंच आहोत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, भिंतीला टेकून उभे बांबू. सुपं, दुरड्या, परड्या, आणि आता फ्लॅटच्या बाल्कनीला लावायचे पडदे. लग्नाला लागतं ते आमच्याकडचं आणि तिरडीला लागतो तो बांबूही आमच्याकडचाच. त्यासाठी कुणी आलं की आप्पा बोलत नाहीत, सरळ दोन बांबू निवडून देतात. माणूस मान खाली घालून निघून जातो. पुढच्या महिन्यात तोच माणूस रस्त्यात भेटला तर ओळख दाखवत नाही.

नऊ वर्षांची असताना गौरीच्या सणाला मी आप्पांबरोबर सुपं पोचवायला गेले होते. मोठं घर, दारात रांगोळी. घरातल्या बाई फार गोड. मी सूप पुढं केलं तर म्हणाल्या, "खाली ठेव गं, पुट्टी." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छकुली. मी उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यांनी तांब्यातलं हळदीचं पाणी त्याच्यावर शिंपडलं, मग उचललं. मग मला एक केळं दिलं, वरून, हात लागणार नाही असं. ते सूप मी विणलं होतं. कड आप्पांची, बाकी सगळं माझं. मी घरी येऊन ते केळं बोळातल्या गायीला दिलं आणि आप्पांना विचारलं, त्यांनी पाणी का शिंपडलं? आप्पा म्हणाले, "रीत हाय त्यांची."

त्या बाईंनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. केळ्याला काय उत्तर देणार?

इंजिनियर व्हायचं माझ्या डोक्यात कुणी घातलं नाही. ते बांबूनं घातलं. बांबू उभा फोडताना चीर सरळ जात नाही, एका बाजूला पळते. तसं झालं की एक फाळ जाड होते, दुसरी बारीक. आप्पांनी मला सात वर्षांची असताना शिकवलं होतं, "चीर पळाया लागली की जाड बाजू वाकव. आपसूक मधी येती." बारीक बाजू वाकवली तर सगळा बांबू वाया. का, ते आप्पांना सांगता येत नव्हतं. मला ते 'का' हवं होतं. पहिल्या वर्षी वर्गात फळ्यावर चीर कशी पसरते त्याची आकृती निघाली, ताण कुठं वाढतो ते बाण काढून दाखवलं, आणि मी बाकावर एकटीच हसायला लागले. हे मला येत होतं. हाताला येत होतं, आता कागदावरही आलं. त्या दिवशी वाटलं, मी बरोबर जागी आलेय.

दुसऱ्या वर्षी वर्गाला प्रकल्प मिळाला, बांबूचा मांडव. सहा जणांची टीम, मीही त्यात. टीमचा म्होरक्या ईशान. पुण्याचा, आईवडील आयटीत, घर महादेवपुऱ्याकडे. मी मराठी बोलते हे कळल्यावर पहिल्यांदा तो फार खूश झाला होता. त्यानं आराखडा दाखवला. खांब आणि आडव्यांच्या जोडात बोल्ट, आणि सगळे बोल्ट पेराच्या मधोमध. दोन गाठींच्या मधल्या पोकळ भागात.

मी म्हटलं, "इथं भोक पाडलं तर चिरेल. गाठीजवळ घे."

ईशान म्हणाला, "अगं, टोपल्या विणणं वेगळं, स्ट्रक्चर वेगळं. तुझ्याकडे कॅल्क्युलेशन आहे का?"

नव्हतं. लोखंडाचे तक्ते पुस्तकात पानोपान होते, बांबूच्या जोडाचा आमच्या पुस्तकात एकही नव्हता. ईशान समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, आमच्याकडे तीन पिढ्या इंजिनियर आहेत. आजोबांनी धरणं बांधलीत. या गोष्टींचा एक सेन्स असतो, तो घरातूनच येतो."

घरातूनच येतो. माझ्या समोर म्हणाला.

मी मॅडमकडे गेले. प्रकल्प त्यांच्याच देखरेखीखाली होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मला टीममधून काढून 'क्राफ्ट टीम'मध्ये टाकलं. म्हणाल्या, "तुझ्या रक्तातच आहे ते. तिथं तू चमकशील." क्राफ्ट टीममध्ये मी एकटीच होते. सजावटीच्या परड्या विणायच्या, एवढंच काम.

मग मी कॅल्क्युलेशन आणायचं ठरवलं. लॅबमधलं मशीन मागितलं तर मॅडम म्हणाल्या, ते स्टील आणि काँक्रीटसाठी आहे. ठीक. आमच्या बोळात मशीन नव्हतं, पण वीस लिटरचे पाण्याचे कॅन घरोघर होते. एकाच बारीक बांबूचे दोन तुकडे घेतले. एकाला पेराच्या मध्यात भोक, दुसऱ्याला गाठीला लागून. तुकडा बांबू रचायच्या लोखंडी चौकटीला टांगायचा, भोकातून बोल्ट, बोल्टाला दोरानं फळी बांधायची आणि फळीवर एकेक कॅन चढवायचा. आप्पा कॅन उचलून देत होते, मी वहीत लिहीत होते. शेजारच्या अक्का ओरडल्या, "स्वल्प जपून गं, माझा कॅन फोडशील!" अख्खा बोळ हसत होता.

मध्यातला तुकडा चौथ्या कॅनला उभा चिरला. गाठीजवळच्यानं नऊ कॅन पेलले. दहावा कॅन बोळात नव्हता.

असे सहा तुकडे तपासले. वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली, म्हणाल्या, "सो स्वीट. पण मशीनवर केलेलं नाही ना हे."

"मग मशीनवर करू द्या, मॅडम."

"नंतर बघू."

वारसा दिनाला आठ दिवस उरले असताना मांडवाचे तीन खांब चिरले. नेमके बोल्टाच्या जागी, नेमके उभे. ईशानचा फोन आला. "तुझ्या बाबांना बोलव ना, प्लीज. सरी?" दुकानात ऐकून शिकलेला, 'चालेल ना' अशा अर्थाचा हा एक कन्नड शब्द तो अडचणीत असला की वापरायचा.

आप्पा आले. वॉचमननं त्यांना मागच्या गेटनं आत घेतलं, कारण हातात बांबू होते. दोन दिवस राबून त्यांनी तिन्ही खांब बदलले. सगळे जोड उसवले, बोल्ट गाठींना लावून घेतले, वर ओल्या कामट्यांचे वेढे आवळले. ईशान बाजूला उभा राहून फोटो काढत होता.

वारसा दिनाच्या सकाळी मांडवापुढं इंग्रजी फलक लागला. संकल्पना व रचना, खाली पाच नावं. अगदी तळाशी बारीक अक्षरात, हस्तकला साहाय्य : स्थानिक कारागीर. आप्पांना कन्नड वाचता येतं, इंग्रजी येत नाही. त्यांनी विचारलं, "आपलं नाव कुठंशी हाय?" मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि काय लिहिलंय ते सांगितलं.

"स्थानिक म्हंजे?"

"इथले."

"मग बरोबर हाय की," आप्पा म्हणाले आणि शर्टाची कॉलर नीट केली.

मला रडू आलं नाही, राग आला. फलकाचा आला, मॅडमचा आला, आणि खरं सांगायचं तर आप्पांचाही आला. त्या रागात मी चटईवर जाऊन बसले. कोयत्याचा आवाज सुरू झाला.

पाहुणे कुठल्याशा मोठ्या कंपनीतले होते. आधी ते मांडवाकडे गेले. जाणकार असावेत. एका जोडावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, सगळे बोल्ट गाठींपाशीच का घेतलेत?

ईशान म्हणाला, "एस्थेटिक्स, सर. ट्रॅडिशनल लुक."

ते मला चटईवर ऐकू आलं. पाहुणे आमच्याकडे वळले. मॅडमनी माईक घेतला. "ही आमची विद्यार्थिनी. वडिलांबरोबर बसून घराण्याचा वारसा जपते आहे." टाळ्या. पाहुणे वाकले आणि हिंदीत म्हणाले, "बेटा, तुम भी बना लेती हो?"

वरून वाकलेला माणूस, खाली मी. मला ते केळं आठवलं.

मी उठले. म्हटलं, "सर, मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते बोल्ट गाठीपाशी का आहेत, ते तिथं येऊन सांगते."

आणि चालत गेले. दहा पावलं. इरकल पायात येत होतं. मांडवाचा खांब धरला आणि सांगितलं. पेरात धागे सरळ उभे असतात, त्यांना एकमेकांचा आधार नसतो, बोल्टानं रेटलं की उकलतात. गाठीत ते आडवेतिडवे गुंततात, तिथं भार पेलतो. आधीचे तीन खांब का चिरले, तेही सांगितलं. कोणी बदलले, तेही. चार कॅन आणि नऊ कॅनही सांगितले. कॅन म्हटल्यावर मागं कोणीतरी हसलं. पाहुणे म्हणाले, "इंटरेस्टिंग," आणि घड्याळ बघितलं. मॅडमनी माईक बंद केला होता. पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला काही ऐकूच गेलं नाही.

घरी जाताना बसस्टॉपवर आप्पा बोलले. "चारचौघांत मान दिला त्यांनी. तू उठून गेलीस. मला एकट्याला बसवून."

"त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली नाही, आप्पा."

"मग? गिऱ्हाइकानं कधी दिलीया?"

बस आली. त्यांना चढताना गुडघा धरावा लागला. एक खरं होतं, मी उठले तेव्हा त्यांना उठवलं नव्हतं. माझ्या जागेसाठी मी चालत गेले आणि ते चटईवरच राहिले. हे मी मॅडमवर ढकलू शकत नाही.

पुढं काय झालं? तो मांडव घेऊन टीम बाहेरगावी स्पर्धेला गेली. फलकावर तीच पाच नावं. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की तुझ्यात टीम स्पिरिट नाही. आप्पा अजून रुसलेत. म्हणतात, शिकून पोरीची जीभ लांब झाली. पण तुकडे मागितले की कापून देतात, सारख्या जाडीचे, सारख्या पेराचे.

आता माझा स्वतःचा प्रकल्प आहे. बांबूचे जोड, बोल्टची जागा आणि भार. मशीनसाठी अर्ज करावा लागतो, त्याच्यावर मॅडमची सही लागते. अर्जात संदर्भांचा रकाना आहे. मी चार पुस्तकांची नावं लिहिली आणि पाचव्या ओळीत आप्पांचं पूर्ण नाव. पुढं लिहिलं, बुरूडकाम, चाळीस वर्षं, मल्लेश्वरम.

मॅडमनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. "हे पुस्तक नाही. हे काढ, मी लगेच सही करते."

गोड आवाजातच म्हणाल्या. एक ओळ काढायची आणि मशीन माझं. चटईवर बसण्याइतकंच सोपं.

मी ऑफिसातून नवा फॉर्म घेतला. या वेळी आप्पांचं नाव पाचव्या ओळीत लिहिलं नाही, पहिल्या ओळीत लिहिलं. पुस्तकं त्यांच्या खाली. मॅडमनी पुन्हा रेघ मारली. मी पुन्हा फॉर्म घेतला. आता दर सोमवारी जाते. क्लार्क मला बघितलं की न विचारता कोरा फॉर्म काढून देतो.

सही झालेली नाही. कदाचित होणारही नाही, वर्ष जाईल. बोळात चौकट आहे, कॅन आहेत, वही चालू आहे. येत्या सोमवारीही पहिल्या ओळीत आप्पाच असतील. मशीन मिळो न मिळो, ती ओळ माझ्या हातानं खोडली जाणार नाही.