सराफानं घासलेली बंदूक

आमच्या घरात देवांच्या तसबिरी नव्हत्या, देव आणि शस्त्रं पुजण्याविरुद्धच्या चळवळीची पत्रकं होती. अक्षरं मी त्यांच्यावरूनच शिकले, त्यामुळं शस्त्र मिरवणाऱ्यांचा तिटकारा मला पहिल्यापासून. तरीही मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत एक दुनळी बंदूक होती आणि ती रोज पुसायचं काम माझं होतं.

बाबा फौजेतून आल्यावर सराफ्यातल्या एका दुकानाच्या दारात राखणीला बसत. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा. दुकानाच्या शेठला माणूस नकोच होता, बंदूक हवी होती. बंदूक नसेल त्या दिवशी खुर्चीही नाही, हे त्यानं कामावर घेतानाच बजावलं होतं.

बाबांच्या तळहातांना घाम फार. बंदुकीच्या नळीचा काळसर निळा रंग हा वरून फासलेला रंग नसतो. पोलादावरच चढवलेला तो अगदी पातळ थर असतो आणि घामातलं मीठ तो खाऊन टाकतं. जिथं बोटं उमटली तिथं तांबूस ठिपके उगवतात. म्हणून बाबा संध्याकाळी काडतुसं काढून, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवून बंदूक माझ्यापुढं ठेवत. मी आधी कोरड्या मलमलीनं पुसायची, मग तेलाचा नुसता हात फिरवायची. तेल डोळ्यांना दिसलं तर ते जास्त झालं, त्यावर धूळ बसते. रेक्झिनच्या पिशवीत आम्ही ती कधी ठेवली नाही, कारण पिशवी दमटपणा धरते. दुकानातल्या लोखंडी खुर्चीच्या हाताला टेकून नळी घासली जायची, म्हणून बाबांनी त्या हातावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. शेठनं तो काढायला लावला. भिकाऱ्याची खुर्ची दिसते म्हणाला.

या माणसाची अक्कल दागिन्यापलीकडं कधी गेलीच नाही. चकाकतं ते भारी, चकाकत नाही ते मळकं, एवढ्यावर त्याचा सगळा कारभार. दसऱ्याला तो दुकानात शस्त्रपूजा मांडायचा. शस्त्रं कुठली? तराजू, वजनं आणि कुणावर कधी उगारली न गेलेली एक तलवार. त्या वर्षी त्यानं बाबांची बंदूकही पूजेला मागितली. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबांनी ती रिकामी करून पाटावर ठेवली आणि शेठच्याच सांगण्यावरून दारावर तोरण बांधायला शिडीवर चढले.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा दोन्ही नळ्या पांढऱ्याफटक होत्या. शेठनं आपल्या कारागिराकडून त्या चिंचेच्या पाण्यानं आणि चांदीच्या पॉलिशनं घासून घेतल्या होत्या. वर हळदकुंकवाची बोटं, ओला झेंडू, नारळाच्या पाण्याचे ओघळ.

"देख फौजी, किती कळकट होती! चांदी केली चांदी!"

शिडीवरून उतरलेले बाबा पाहतच राहिले. "शेठ, तो मळ नव्हता."

"मग काय, काजळ होतं?"

नोकर खिदळले. पगारापुरते हसणारे लोक.

"परवाना यांच्या नावावर आहे," मी म्हणाले. "तुम्ही हात लावलाच कसा?"

"ताई, सणाच्या दिवशी तरी भाषण नको. देव का काम है. पेढा घे."

पेढा मी घेतला नाही.

ओघळ वाळले तिथं गंज धरला. उघड्या पोलादावर मी तेल लावायची आणि दिवसभरात बाबांचा घाम ते पुसून काढायचा. शेठच वर बाबांना म्हणाला, "फौजी, बंदूक नीट ठेवत जा. गिऱ्हाईक बघतं." घासली त्यानं, निष्काळजी मात्र बाबा!

नवा थर चढवायचा तर बंदूक काही दिवस परवाना असलेल्या बंदूक-दुरुस्तीच्या कारागिराकडं ठेवावी लागणार होती. म्हणजे खुर्ची गेली. नाही ठेवली तर गंज पोलादात उतरणार, म्हणजे आज ना उद्या बंदूकही गेली.

"काय करावं, माय?" बाबांनी मला विचारलं.

"बंदूक द्या कारागिराकडं, काम गेलं तर जाऊ दे. तो माणूस तुमच्या बंदुकीच्या लायकीचा नाही."

"लायकीवर घर चालतं व्हय?"

पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारची तेलाची बाटली मी उचलली आणि नळ्या पुसायला घेतल्या. सकाळी त्यांनी परवान्याचे कागद घेतले, बंदूक कारागिराकडं जमा केली आणि रिकाम्या हातांनी दुकानात गेले. मी सोबत होते.

"बंदूक कुठंय?" शेठनं विचारलं.

"दवाखान्यात."

"मग तू कशाला आलास?"

"सांगायला. बरी झाली की येतो. पण पूजेला आता मिळायची नाय."

"अरे, तुझ्यासारखे फौजी लई पडलेत. उद्या दुसरा बसवतो."

"बसवा," बाबा म्हणाले. "त्याची तरी घासू नका."

शेठ हसला. त्याला ती गंमत वाटली. समजण्यासारखं काही आपल्यापुढं बोललं गेलंय, एवढंही त्याला कळलं नाही.

रिक्षाच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत आलो. मग म्हणाले, "आता घरी बसावं लागंल."

"बसा," मी म्हणाले. "तिथल्या खुर्चीवरची ट्यूब कुणी काढायला लावणार नाही."